पीकसंरक्षणाची बंदूक : पोंभुर्णा परिसरातील एका परवान्याचा इतिहास

घराच्या आणि स्वतःच्या जिवाच्या रक्षणासाठी सामान्य नागरिकाने बंदूक बाळगावी की नाही, हा वाद जगभर प्रामुख्याने शहरी घर डोळ्यांसमोर ठेवून मांडला जातो. बंद दाराआड झोपलेले कुटुंब, बाहेरून येणारा चोर किंवा दरोडेखोर आणि पोलीस पोहोचेपर्यंतचा काळ, एवढ्या चौकटीत तो बहुधा संपतो. चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांच्या जंगलपट्ट्यात, विशेषतः अंधारी आणि वैनगंगा यांच्या खोऱ्यांतील पोंभुर्णा, मूल, गोंडपिपरी या धानाच्या तालुक्यांत, ही चौकट अपुरी पडते. कारण येथील शेतकऱ्याचे घर गावातल्या भिंतींपाशी थांबत नाही, धान भरू लागल्यापासून कापणी होईपर्यंत बांधीवरचे, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या शेतावरचे, मचाण हेच त्याचे रात्रीचे घर असते आणि ज्याच्यापासून रक्षण करायचे तो बहुतेक वेळा माणूस नसतो. त्यामुळे या भागात बंदूक आली, टिकली आणि पुढे हातची गेली ती ‘पीकसंरक्षण’ या नावाखाली. या एका शब्दामागे सुमारे पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे आणि त्या इतिहासाचा कणा एकाच प्रश्नाचा आहे : जंगलाच्या कडेला राहणाऱ्या माणसाच्या हाती शस्त्र देण्याइतका विश्वास राज्यसंस्थेने त्याच्यावर कधी ठेवला, आणि कोणत्या अटींवर ठेवला.

ज्या बंदुकीविषयी हे विवेचन आहे तिला झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या वनमय भागात, ‘भरमार’ म्हणतात. देशावर आणि कोकणात तिलाच ‘ठासणीची बंदूक’ हे नाव आहे. दोन्ही नावे तिच्या भरण्याच्या रीतीवरून पडली आहेत. नळीच्या तोंडातून मोजून दारू ओतायची, तिच्यावर चिंधीचा बोळा सारून तो लोखंडी गजाने ठासायचा, मग छर्रे किंवा शिशाची गोळी टाकून पुन्हा बोळा बसवायचा, आणि नळीच्या मागच्या टोकाशी असलेल्या छिद्रावर तांब्याची छोटी टोपी चढवायची. चाप ओढला की घोडा टोपीवर आदळतो, ठिणगी आत जाते आणि बार होतो. यापेक्षा जुनी बंदूक तोड्याची होती, जिच्यात टोपीऐवजी जळता तोडा, म्हणजे जामगी, दारूला लावावी लागे. भरमारीतून एका वेळी एकच बार निघतो आणि दुसऱ्यासाठी वरची सारी क्रिया नव्याने करावी लागते. पावसाळ्यात दारू दमट झाली तर पहिलाही बार निघेल याची खात्री नसते. काडतुसाच्या बंदुकीशी तुलना करता हे शस्त्र दुबळे आहे, आणि हा दुबळेपणाच कायद्याच्या दृष्टीने त्याचा गुण ठरला, हे पुढे दिसेल.

चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, गोंड राज्याचा शेवट होऊन १७५१ मध्ये हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे गेला, तेव्हा शस्त्र बाळगणे ही परवानगीची बाब नव्हती. पूर्वेकडील घनदाट जंगलातील जमीनदाऱ्या, म्हणजे वंशपरंपरेने चालत आलेली आणि बंदोबस्ताची जबाबदारी असलेली वतने, स्वतःची माणसे आणि हत्यारे बाळगून असत. गावोगावच्या मातीच्या गढ्या पेंढाऱ्यांच्या धाडीच्या वेळी आसरा देत. सामान्य गोंड, माडिया, कुणबी किंवा ढिवर कुटुंबाजवळ मात्र कुऱ्हाड, भाला, तिरकमठा आणि जाळे एवढेच असे. मे १८१८ मध्ये इंग्रजी फौजेने चांद्याचा किल्ला घेतला आणि १८५४ मध्ये वारस नाही या सबबीवर नागपूरचे राज्य खालसा झाले. त्यानंतर अवघ्या चार वर्षांत या भागातील शस्त्रांचा प्रश्न पहिल्यांदा राज्यसंस्थेपुढे उभा राहिला.

मोलमपल्लीचे तरुण जमीनदार बाबुराव शेडमाके यांनी मार्च १८५८ मध्ये गोंड आणि रोहिले जमवून राजगड परगण्यात उठाव केला, आणि आडपल्ली-घोटचे जमीनदार व्यंकटराव त्यांना येऊन मिळाले. रोहिले म्हणजे उत्तरेकडून आलेले, पगारावर लढणारे पठाण शिपाई. चांद्याचे डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रिक्टन यांनी पाठवलेल्या फौजेशी उठावकऱ्यांची गाठ नांदगाव-घोसरी येथे पडली. यातील घोसरी हे गाव आज पोंभुर्णा तालुक्यात मोडते, आणि या तालुक्याच्या भूमीचा शस्त्रांच्या इतिहासाशी आलेला हा पहिला ठळक संबंध आहे. २९ एप्रिल १८५८ रोजी प्राणहितेकाठी चिंचगुंडी येथे तारायंत्राच्या कामावरील छावणीवर हल्ला होऊन गार्टलँड आणि हॉल हे दोन इंग्रज मारले गेले. अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांच्या मदतीने इंग्रजांनी बाबुरावांना पकडले आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात त्यांना फाशी दिली. व्यंकटराव बस्तरात निसटले, पण १८६० मध्ये तेथील राजाने त्यांना पकडून दिले. या उठावाचे स्मरण आज शौर्यगाथा म्हणून केले जाते आणि ते योग्यच आहे. परंतु प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्याचा दुसरा परिणाम अधिक लांबवर पोहोचला. जंगलातील प्रजेच्या हाती बंदूक असणे म्हणजे बंडाची शक्यता असणे, हे समीकरण चांद्याच्या प्रशासनात तेव्हा रुजले आणि राज्यकर्ते बदलले तरी ते पुसले गेले नाही.

त्याच वेळी हे समीकरण सबंध हिंदुस्थानासाठी कायद्यात उतरत होते. १८५७ चा अठ्ठाविसावा आणि १८६० चा एकतिसावा अधिनियम यांनी शस्त्रांची आयात, निर्मिती, विक्री आणि बाळगणूक सरकारी नियंत्रणाखाली आणली, आणि व्हाइसरॉय लिटन यांच्या कारकिर्दीत १८७८ चा हत्यारांचा कायदा आला. या कायद्याने परवान्याशिवाय शस्त्र घेऊन फिरण्यास बंदी घातली, पण युरोपीय आणि अँग्लो-इंडियन यांना त्यातून सूट दिली. वंशावर आधारलेली ही सूट पहिल्या महायुद्धानंतरच्या नियमबदलात संपली. कुर्गमधील कोडवा समाजाला मात्र इंग्रजांशी दाखवलेल्या निष्ठेबद्दल शस्त्रपरवान्यातून माफी मिळाली होती. कोडवांची शेतेही जंगलाला लागून होती, त्यांच्या धानातही रानडुकरे शिरत. तरीही त्यांना सूट मिळाली आणि चांद्याच्या गोंडांना नाही. गरज दोघांची सारखीच असताना निकाल विश्वासावर लागला.

चांदा ज्यात मोडत असे त्या मध्य प्रांतात परवाना कोणाच्या हाती पडला हे गावाच्या रचनेवरून समजते. एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकातील जमाबंदीत इंग्रजांनी गावाच्या महसुलाची जबाबदारी आणि त्यासोबत मालकी मालगुजाराला दिली होती. मालगुजार म्हणजे गावाचा सारा गोळा करून सरकारात भरणारा आणि गावावर हक्क सांगणारा मनुष्य. त्याची पत होती, साहेबाशी ओळख होती, म्हणून परवानाही बहुधा त्याच्याकडे असे, आणि वाड्यातल्या खुंटीवरची बंदूक हे संरक्षणाचे साधन असण्यापेक्षा गावातील स्थानाचे चिन्ह अधिक असे. रयतेच्या शेतात रानडुकरे उतरली किंवा वाघाने गुरे मारण्याचा सपाटा लावला, तर तिने मालगुजाराकडे किंवा शिकारीस आलेल्या साहेबाकडे विनंती करायची, हीच रीत होती; वाघ मारणाऱ्याला सरकारी बक्षीस मिळे. याच काळात जंगल राखीव झाले, डाह्या, म्हणजे जंगल तोडून व जाळून केलेली फिरती शेती, बंद पाडण्यात आली आणि पूर्वी मोकळी असलेली शिकारही नियमांत बांधली गेली. पिकाच्या जवळ जंगल राहिले, जंगलावरचा हक्क गेला, आणि रक्षणाचे साधन दुसऱ्याच्या वाड्यात राहिले, अशी ही तिहेरी कोंडी होती.

या कोंडीला गावाने दिलेले उत्तर बंदुकीपेक्षा जुने आहे. त्याला ‘जागल’ म्हणतात. हलका धान आधी आणि भारी धान नंतर पिकतो, त्यामुळे राखणीचा काळ बराच लांबतो. त्या काळात शेजारशेजारच्या बांध्यांचे मालक मचाणावर बसतात, शेकोटी पेटती ठेवतात, टिनाचे डबे वाजवतात, एकमेकांना हाका देतात, आणि एका कडेने कळप हाकलला की पुढच्या मचाणावरचा माणूस सावध होतो. या व्यवस्थेचे बळ माणसांच्या साखळीत आहे. भरमार बंदूक या साखळीत शिरली तेव्हाही तिचे मुख्य काम आवाजाचे होते. छर्रे न घालता नुसत्या दारूचा बार काढला तरी चितळ आणि रानडुकरे रात्रभर फिरकत नसत. बंदुकीच्या वादात दोन्ही बाजू तिच्या मारकशक्तीविषयीच बोलतात आणि या उपयोगाची नोंद क्वचितच घेतात, ही त्या चर्चेतील मोठी उणीव आहे.

शस्त्र बाळगण्याचा हक्क ही राष्ट्रीय चळवळीची जुनी मागणी होती. १८८७ च्या मद्रास अधिवेशनात काँग्रेसने हत्यारांच्या कायद्यात बदल करण्याचा ठराव केला होता, आणि १९३१ च्या कराची अधिवेशनातील मूलभूत हक्कांच्या ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा नागरिकाचा हक्क समाविष्ट होता. म्हणूनच डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत या विषयावर झालेली चर्चा महत्त्वाची ठरते. चांदा जिल्हा ज्या प्रांतात होता त्या मध्य प्रांत व वऱ्हाडचे प्रतिनिधी हरी विष्णू कामत यांनी शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घालावा अशी दुरुस्ती मांडली आणि कराचीच्या ठरावाची आठवण करून दिली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिला विरोध केला. असा हक्क सर्वांना सरसकट दिला तर गुन्हेगारालाही तो मागता येईल, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. दुरुस्ती फेटाळली गेली, आणि संविधानाच्या एकोणिसाव्या अनुच्छेदात जो हक्क आला तो शांततेने आणि विनाशस्त्र एकत्र जमण्याचा. अमेरिकेच्या १७९१ मधील दुसऱ्या घटनादुरुस्तीचा आणि २००८ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने घरातील स्वसंरक्षणासाठी तिच्या लावलेल्या अर्थाचा दाखला भारतात अनेकदा दिला जातो, परंतु भारतीय राज्यघटनेने तो मार्ग विचारपूर्वक नाकारला होता.

याचा अर्थ स्वसंरक्षणाचा हक्कच नाही असा मात्र होत नाही. भारतीय दंडसंहितेच्या कलम ९६ ते १०६ मध्ये, आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये, स्वतःच्या व दुसऱ्याच्या शरीराचे आणि मालमत्तेचे रक्षण करण्याचा हक्क स्पष्ट शब्दांत दिलेला आहे. कायद्याने हक्क मान्य केला आणि त्याचे साधन परवान्याच्या अधीन ठेवले. या दोहोंमधील अंतर १९५९ च्या शस्त्र अधिनियमाने एका ठिकाणी कमी केले, आणि ते ठिकाण नेमके पोंभुर्ण्यासारख्या गावांचे होते. या अधिनियमाच्या कलम १३ नुसार किमान वीस इंच लांबीच्या नळीची, आत आटे नसलेली बंदूक संरक्षणासाठी किंवा खेळासाठी मागितल्यास, अथवा ठासणीची बंदूक खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी मागितल्यास, परवाना देण्यात येईल, असे म्हटले आहे. अन्य शस्त्रांसाठी मात्र सबळ कारण असल्याबद्दल अधिकाऱ्याचे समाधान व्हावे लागते. एवढेच नव्हे, कलम १४ मध्ये सार्वजनिक शांतता व सुरक्षितता यांसारख्या कारणांसाठी नकाराचा अधिकार ठेवतानाच, अर्जदाराजवळ पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येणार नाही, असे बंधन अधिकाऱ्यावर घातले आहे. मालगुजारी १९५१ मध्ये संपुष्टात आली होती. तिच्यानंतर आठ वर्षांनी लिहिलेले हे वाक्य जिने वाड्याबाहेर उभे राहून बंदूक मागितली त्या रयतेच्या बाजूचे होते. स्वतंत्र भारताच्या कायद्याने अल्पभूधारक शेतकऱ्यावर दाखवलेला हा विश्वास उल्लेखनीय आहे, आणि त्याचा आदराने उल्लेख व्हायला हवा. त्याला एक मर्यादा होती : विश्वास दाखवला तो सर्वांत दुबळ्या बंदुकीपुरता. भरमार अपुरी पडते असे अधिकाऱ्याला पटले तरच दुसरी बंदूक देण्याची मुभा होती.

अन्नटंचाईच्या त्या दशकांत पीकसंरक्षणाच्या बंदुका देशभर सढळपणे दिल्या गेल्या, आणि त्यांचा गैरवापरही झाला. शेताच्या बांधावरून सुटलेला बार जंगलातल्या पाणवठ्यापर्यंत पोहोचला, आणि चितळ-सांबरांची संख्या घटण्यामागे या बंदुका आहेत अशी तक्रार निसर्गअभ्यासकांनी केली. ती निराधार नव्हती. वन्यप्राण्यांच्या रक्षणासाठी चांद्यात ताडोबाचे राष्ट्रीय उद्यान १९५५ मध्येच झाले होते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने परवानाधारकाची स्थिती आमूलाग्र बदलली, कारण बंदूक कायदेशीर राहिली, पण ती ज्याच्यावर रोखायची तो प्राणी संरक्षित झाला. कलम ११ मध्ये स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवण्यासाठी सद्भावनेने वन्य प्राणी मारणे गुन्हा ठरत नाही अशी तरतूद आहे. मात्र त्या वेळी ती व्यक्ती याच कायद्याचा भंग करीत असेल, तर हे संरक्षण मिळत नाही. पिकासाठी प्राणी मारायचा तर आधी लेखी परवानगी हवी. कलम ३४ आणखी पुढे जाते : अभयारण्यात किंवा त्याच्या सीमेपासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या प्रत्येक परवानाधारकाने वन्यजीव विभागाकडे आपली नोंद करावयाची, आणि त्या पट्ट्यात मुख्य वन्यजीव रक्षकाच्या पूर्वसंमतीशिवाय नवा शस्त्रपरवाना द्यावयाचा नाही. म्हणजे १९५९ च्या कायद्याने ज्या शेतकऱ्याला सर्वाधिक पात्र मानले होते, त्यालाच या कायद्याने सर्वाधिक देखरेखीखाली आणले.

तथापि या भागातील खासगी बंदुकीचा खरा कस लागला तो १९८० नंतर. त्या वर्षी आंध्रातून पीपल्स वॉरची पहिली दलमे, म्हणजे सशस्त्र नक्षलवादी तुकड्या, सिरोंचा भागात उतरली. नोव्हेंबर १९८० मध्ये पेद्दी शंकर हा त्यांचा कार्यकर्ता पोलिसांच्या गोळीने मारला गेला, आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा झाला. जंगलात शस्त्रांची टंचाई असलेल्या संघटनेला घराघरांतील भरमार बंदुका हा सोपा साठा वाटला. पोलिसांच्या चकमकींनंतरच्या जप्तीच्या याद्यांत स्वयंचलित रायफलींच्या शेजारी भरमार बंदुकांची नोंद वर्षानुवर्षे आढळते, ती याच कारणाने. ज्या घरात बंदूक आहे त्या घराचे दार रात्री दलमाने वाजवावे आणि सकाळी पोलिसांनी, बंदूक दिली तर साथीदार आणि नाकारली तर खबऱ्या ठरावे, अशी गाठ परवानाधारकाच्या गळ्याशी पडली. रक्षणासाठी ठेवलेली वस्तूच धोका घराकडे ओढून आणते, हा शस्त्रविरोधी युक्तिवाद अन्यत्र आकडेवारीच्या आधारे मांडला जातो. एटापल्ली, भामरागड, धानोरा या तालुक्यांतील कुटुंबांना तो प्रत्यक्ष अनुभवाने कळला.

नागरिकांना शस्त्रे देऊन हा धोका परतवता येईल का, याचा प्रयोग सीमेपलीकडे झाला. छत्तीसगडमध्ये २००५ पासून सलवा जुडूम या नावाने गावकऱ्यांना उभे करण्यात आले आणि स्थानिक तरुणांना विशेष पोलीस अधिकारी म्हणून बंदुका देण्यात आल्या. त्यातून गावे एकमेकांविरुद्ध उठली, माणसे परागंदा झाली, आणि ५ जुलै २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही व्यवस्था घटनाबाह्य ठरवली. महाराष्ट्राने गडचिरोलीत वेगळी वाट धरली. येथे १९९० मध्ये सी-६० हे पथक स्थापन झाले, ज्यात स्थानिक, गोंडी व माडिया जाणणाऱ्या तरुणांना रीतसर पोलीस दलात घेऊन, प्रशिक्षण आणि पगार देऊन शस्त्र हाती दिले गेले. या पथकाच्या कारवायांविषयी मतभेद असू शकतात. पण शस्त्रधारी माणूस कोणाला उत्तरदायी आहे हे निश्चित ठेवण्याचा निर्णय शहाणपणाचा होता, हे शेजारच्या छत्तीसगडमधील बिजापूर-दंतेवाड्याकडे पाहता मान्य करावे लागते.

गेल्या काही वर्षांत गडचिरोली पोलिसांच्या आवाहनानंतर अनेक गावांतील लोकांनी आपल्याजवळच्या भरमार बंदुका आपणहून पोलीस ठाण्यात जमा केल्या. या बंदुकांचे वर्णन बहुधा ‘वडिलोपार्जित’ या एका शब्दात होते : आजाने किंवा पणज्याने शेतीच्या राखणीसाठी आणि शिकारीसाठी घेतलेल्या, बहुतेकांना परवाना नसलेल्या किंवा कधीकाळचा परवाना नूतनीकरणाविना संपलेल्या. त्या जमा होणे शांततेच्या दृष्टीने इष्ट होते, यात शंका नाही. परंतु त्या ज्या कामासाठी घेतल्या होत्या ते काम त्यांच्यासोबत संपले नाही, हेही तितकेच खरे आहे.

पोंभुर्णा, मूल, सावली या पट्ट्यात आज रानडुक्कर आणि रोही, म्हणजे नीलगाय, यांचा उपद्रव चालूच आहे, आणि ताडोबाबाहेरच्या जंगलात वाघ व बिबट्यांचा वावर वाढल्याने मोह वेचायला, तेंदूपाने तोडायला किंवा जागलीला जाणे जोखमीचे झाले आहे. राज्य शासनाने २०१५ मध्ये पिकांची नासाडी करणाऱ्या रानडुकरांच्या व रोह्यांच्या शिकारीच्या परवानगीची पद्धत सोपी केली; पण परवानगी हाती आली तरी परवान्याची बंदूक गावात नाही, म्हणून बाहेरून नेमबाज बोलवावे लागले. जून २०१६ मध्ये केंद्रीय मंत्री मेनका गांधी यांनी पर्यावरण मंत्रालयावर केलेल्या जाहीर टीकेत चंद्रपुरात ५३ रानडुकरे मारली गेल्याचा उल्लेख केला होता. त्या वादात दिल्लीतील दोन मंत्रालयांची बाजू सविस्तर ऐकू आली आणि धानाच्या बांधीवरच्या माणसाची जवळजवळ ऐकूच आली नाही. बंदुकीची जागा दुसरीकडे अधिक घातक उपायाने घेतली : विजेच्या तारेवर आकडा टाकून कुंपणात सोडलेला प्रवाह. भरमारीचा बार एका दिशेने जातो आणि त्याच्यामागे निर्णय घेणारा माणूस असतो. तारेतील प्रवाह रानडुक्कर, वाघ आणि पहाटे शेतात जाणारा शेजारी यांत भेद करीत नाही. या कुंपणांत वाघही मेले आहेत आणि माणसेही, आणि शस्त्रपरवान्याचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने ही दुसरी बाजू हिशेबात धरायला हवी. सौर ऊर्जेवर चालणारे, जीव न घेणारा झटका देणारे कुंपण शासनाच्या डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून अनुदानावर मिळते, आणि गावकऱ्यांच्या तोंडी असलेले ‘झटका मशीन’ आता अनेक बांध्यांवर दिसते.

पोंभुर्ण्याच्या शेजारी, कोठारी आणि धाबा यांच्या जंगलात, २०२१ मध्ये कन्हाळगाव अभयारण्य घोषित झाले, आणि त्याबरोबर कलम ३४ चे दहा किलोमीटरचे वर्तुळ आणखी गावांवर पडले. या वर्तुळातील शेतकऱ्याने आज कलम १३ चा आधार घेऊन पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा अर्ज केला, तर तो पोलिसांच्या अहवालासह चंद्रपूरच्या जिल्हादंडाधिकाऱ्यांपुढे जातो, आणि तेथून संमतीसाठी नागपूरला मुख्य वन्यजीव रक्षकांकडे. तोवर भारी धान पिकून कापणीला येतो, आणि त्याची राखण मचाणावरची शेकोटी, टिनाचा डबा, विजेरी आणि शेजारच्या बांधीवरून येणारी हाक यांच्यावरच होते.